विश्व केव्हा सुरू झाले?

बालमित्रांनो, शाळेत धर्माच्या तासाला सांगतात की देवाने जग निर्माण केले. विज्ञानाच्या तासाला सांगतात की महास्फोट झाला. मग खरे काय?

आपल्या डब्लिनमध्येच १५८१ साली जन्मलेल्या आर्चबिशप जेम्स अशर यांनी बायबलमधील वंशावळी मोजून उत्तर काढले: इ.स.पूर्व ४००४! आज शास्त्रज्ञ विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे मानतात.

गंमत म्हणजे महास्फोटाची मूळ कल्पना १९३१ साली मांडणारे बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र हे स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. पण तिला देवाचा पुरावा म्हणणे त्यांना पसंत नव्हते. विश्व कसे वाढले हे दुर्बिणीतून पाहून ठरवावे. ते मुळात का आहे, हा श्रद्धेचा प्रश्न, असे ते मानत.

कोल्हापूरला जन्मलेल्या डॉ. जयंत नारळीकरांना (१९३८-२०२५) तर महास्फोटच पटला नाही. बहुतेक शास्त्रज्ञ त्यांच्याशी सहमत झाले नाहीत. तरी त्यांनी हा वाद आयुष्यभर गणित आणि निरीक्षणे पुढे ठेवूनच घातला.

तेव्हा वर्गात हा विषय निघाला, तर गोंधळू नका. आधी पाहा, प्रश्न ‘कसे’ असा आहे की ‘का’ असा? पालकांनीही मुलांशी यावर जरूर बोलावे.