शिर्डीच्या वेशीवरील तांबडा दिवा

साईबाबा १९१८ सालीं दसऱ्यास समाधिस्थ झाले, त्यामुळें दसऱ्यास शिर्डीची वाट गजबजलेली असते. अशा वेळीं गाडींत वडील मंडळी सामान बांधतात, मुलें चपला घालून दाराशीं जातात, आणि गाडी शेतांतच उभी राहते! “आतां येथें कशाला थांबली?” याचें उत्तर इंजिनासमोरच्या तांबड्या दिव्यापाशीं असतें.

पूर्वीं यात्रेकरू कोपरगांवास उतरून टांग्यानें शिर्डीस जात. २००९ सालीं दौंड-मनमाड मार्गावरील पुणतांब्याहून (चांगदेवांच्या समाधीचें हें गांव) सुमारें १७ किलोमीटरचा फांटा सुरू झाला. तो एकेरी बांधलेला, आणि शिर्डीस रूळ संपतात. आलेल्या गाडीस पुढें वाट नाहीं.

एकेरी वाटेचा नियम कडक आहे. शिर्डीच्या स्टेशनमास्तरांची अनुमति मिळाल्यावांचून पुणतांब्याहून गाडी सुटत नाहीं, व ती पोंचेपर्यंत समोरून वा मागून दुसरी सोडतां येत नाहीं. वाटेंत अर्धा तास धरला, तर एक गाडी येऊन दुसरी परत जाण्यांतच तास सरला. उत्सवास आणखी दहा गाड्या सोडा, असें आपण सहज म्हणतों. पण पहिली पंगत उठल्यावांचून दुसरी बसवावयाची कोठें? शिवाय शेतांत उभी असलेली गाडी फलाटावरील गाडीची परतीची वाटहि अडविते. म्हणून खोळंबा व्हावयाचाच, तर तो पुणतांब्यास झालेला बरा.

रूळ मोकळा आहे हें कळतें कसें? रुळांतून मंद विद्युत्प्रवाह खेळविलेला असतो. वर गाडी आली कीं चाकें व आंस यांतून तो परस्पर वळतो, पलीकडच्या यंत्रास पोंचत नाहीं, आणि सिग्नल तांबडा राहतो. ही युक्ति विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन गृहस्थांनीं १८७२ सालीं काढली. हल्लीं पुष्कळ ठिकाणीं आंस मोजणारीं यंत्रें असतात. आंत गेले तितके बाहेर आले, तरच वाट मोकळी. मला कौतुक वाटतें तें निराळ्याच गोष्टीचें. तार तुटली तरी प्रवाह थांबतो व दिवा तांबडाच होतो. यंत्र बिघडलें तर गाडी खोळंबते, आदळत नाहीं.

सांध्यांचेंहि तसेंच. ते योग्य फलाटाकडे वळून कुलूपबंद झाल्यावांचून, कितीहि घाई असली तरी, स्टेशनमास्तरांस सिग्नल देतांच येत नाहीं.

तिकडे फलाटावर आजीबाई हळूहळू उतरतात, गांठोडीं मोजलीं जातात. रिकामी गाडी बाजूच्या रुळावर सरकते, शेवटचा डबा सांध्यापलीकडे जातो. आणि मग शेतांतल्या गाडीपुढचा दिवा पिवळा होतो.