कॅसलटन : एक किल्ला, एक डोंगर आणि चार गुहा

श्रोतेहो, तीस वर्षें मीं शाळेंत भूगोल शिकविला. चुनखडीच्या डोंगरांत गुहा कशा तयार होतात, हें एकदां फळ्यावर आकृति काढून समजावीत असतां एका मुलानें विचारलें, "गुरुजी, आपण अशी गुहा पाहिली आहे का?" मला "नाहीं" म्हणावें लागलें. त्यानें पुढें कांहीं विचारलें नाहीं. पण तो प्रश्न माझ्या मनांतून गेला नाहीं. तीन वर्षांपूर्वीं इंग्लंडांत शेफील्ड येथें राहणाऱ्या माझ्या मुलीकडे जाण्याचा योग आला, तेव्हां मीं तिला सांगितलें कीं, लंडन दाखविलें नाहींस तरी चालेल, पण डर्बीशायरमधील कॅसलटन हें खेडें मला दाखव. त्या खेड्यांत काढलेल्या दोन दिवसांची हकीकत आज आपणांस सांगणार आहें.

शेफील्डहून आगगाडीनें होप नांवाच्या लहानशा स्थानकावर उतरावयाचें व तेथून बसनें कॅसलटनला जावयाचें. करड्या दगडांचीं घरें, एक जुनें चर्च, गांवांतून वाहणारा नितळ ओढा आणि तिन्ही बाजूंस हिरवे डोंगर, एवढाच या गांवाचा पसारा. १९५१ सालीं ब्रिटनमधील पहिलें राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालेल्या पीक डिस्ट्रिक्टमध्यें हें गांव येतें. परंतु त्याचें खरें वैशिष्ट्य जमिनीखालीं आहे. गांवाच्या दक्षिणेस पांढरट चुनखडीचा खडक आहे. तो तीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीं उबदार, उथळ समुद्राच्या तळाशीं जलचरांच्या शिंपल्या-सांगाड्यांपासून झाला. उत्तरेस मात्र त्याच्यानंतर नद्यांनीं आणून टाकलेल्या चिखलाचे व वाळूचे थर आहेत. दोन निराळ्या स्वभावांच्या खडकांच्या सांध्यावर हें गांव वसलें आहे. एवढें ध्यानांत ठेविलें, म्हणजे येथील किल्ला, गुहा आणि डोंगर या सर्वांचा उलगडा आपोआप होतो.

प्रथम गुहा. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड ज्वालामुखीच्या रसाचा. तो पाण्यांत विरघळत नाहीं. म्हणून अजिंठा-वेरूळचीं लेणीं माणसाला छिन्नीनें कोरावीं लागलीं. चुनखडीचें तसें नाहीं. पावसाचें पाणी हवेंतील व मातींतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित् आम्ल बनतें आणि खडकाच्या भेगांतून झिरपतांना त्याला कणाकणानें विरघळवितें. कॅसलटनजवळ मातकट खडकांवरून वाहत आलेले ओहोळ चुनखडीला लागतांच जमिनींत गडप होतात, आणि पोटांतल्या पोटांत वाट काढून गांवाशीं पुन्हां प्रकट होतात. मघाशीं सांगितलेला ओढा तो हाच. जेथून त्याचें पाणी बाहेर येतें, त्या पीक कॅव्हर्नचें मुख ब्रिटनमधील नैसर्गिक गुहामुखांत सर्वांत मोठें समजलें जातें. त्याच्या आंत कित्येक शतकें दोर वळणाऱ्या लोकांचीं घरें होतीं. पावसापासून आडोसा मिळे, लांबच लांब सपाट जागा मिळे, आणि शिशाच्या खाणींना दोर तर नेहमींच लागत. त्यांच्या चुलींच्या धुरानें काळें झालेलें छत अजून तसेंच आहे. माझ्या फळ्यावरच्या आकृतींत पाणी होतें, खडक होता. परंतु ही चूल नव्हती.

अशा चार गुहा येथें पाहावयास मिळतात. स्पीडवेल नांवाच्या गुहेंत १०५ पायऱ्या उतरून होडींत बसावें लागतें. ती होडी ज्या अरुंद, पाण्यानें भरलेल्या बोगद्यांतून जाते, तो १७७१ पासून शिशाच्या शोधार्थ खोदण्यांत आला. वर्षानुवर्षें सुरुंग लावून माणसें पुढें सरकत गेलीं. शिसें मात्र बेताचेंच हातीं आलें आणि काम सोडून द्यावें लागलें. आज आपण तेथें मौजेनें जातों. पण मेणबत्तीच्या उजेडांत तो दगड फोडणाऱ्यांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. उरलेल्या दोन गुहा ट्रीक क्लिफ व ब्ल्यू जॉन या होत. त्यांत जांभळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा ब्ल्यू जॉन नांवाचा सुंदर खनिज दगड सांपडतो व त्याचे दागिने होतात.

पीक कॅव्हर्नच्या बरोबर माथ्यावर पेव्हरिलचा किल्ला आहे. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकल्यावर विल्यम पेव्हरिल या सरदारानें तो बांधला. १०८६ च्या डूम्सडे नांवाच्या प्रसिद्ध नोंदवहींत त्याचा उल्लेख आहे. राजाचें शिकारीचें रान व आसपासच्या शिशाच्या खाणी यांवर नजर ठेवण्यास ही जागा सोयीची होती. ११५५ सालीं दुसऱ्या हेन्री राजानें किल्ला आपल्याकडे घेतला आणि ११७६ च्या सुमारास वरचा चौकोनी बुरूज उभारला. आपल्या रायगड-राजगडाच्या मानानें हा किल्ला अगदींच चिमुकला. पण एका अंगास केव्ह डेल नांवाची खोल घळ, दुसऱ्या अंगास गुहेवरचा तुटलेला कडा. तेव्हां त्याची अर्धी तटबंदी निसर्गानेंच बांधून दिलेली. बुरजाचें बाहेरील घडीव दगडांचें अस्तर कांहीं बाजूंनीं निघून गेलें असून आंतील ओबडधोबड भराव उघडा पडला आहे. मला तो भागच अधिक आवडला. भिंत कशी रचली, हें अखंड भिंत सांगत नाहीं. तें पडकी भिंतच सांगते.

दुसरे दिवशीं आम्हीं मॅम टॉर हा ५१७ मीटर उंचीचा डोंगर चढलों. माझे गुडघे कुरकुरत होते. मुलगी दर वळणावर थांबत होती. माथ्यावर प्राचीन वसाहतीचे मातीचे तट स्पष्ट दिसतात. पण एका बाजूस तो तटच कापला गेला आहे, कारण खालचा डोंगर खचला आहे. वर वालुकाश्म व खालीं ठिसूळ मातकट खडक अशी याची घडण. पाणी मुरलें कीं खालचा थर दुबळा होतो आणि वरचा भार सरकूं लागतो. हजारों वर्षें हें चाललें आहे. म्हणून लोक याला 'थरथरता डोंगर' म्हणतात.

याच्या कुशींतून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं एक रस्ता नेण्यांत आला. त्यापूर्वीं विनॅट्स पास या चुनखडीच्या खिंडींतून जावें लागे. तो चढ फार उभा, म्हणून सोपी चढण शोधून ही नवी वाट काढली. सोपी वाट सरकत्या जमिनीवरून गेली होती. पुन्हां पुन्हां दुरुस्ती करून लोक थकले, आणि १९७९ सालीं ती वाहनांना कायमची बंद झाली. आज तेथें डांबराचे थरावर थर दुभंगून पडलेले दिसतात, आणि मोटारी पुन्हां जुन्या अवघड खिंडींतूनच जातात. 'पर्वतासारखें अढळ' असें मीं मुलांना कितीदां तरी लिहावयास सांगितलें असेल! त्या तुटलेल्या रस्त्यावर उभा असतां मला तें आठवलें आणि मी थोडा खजील झालों.

मॅम टॉरवरून उत्तरेस, एडेल खोऱ्यापलीकडे, किंडर स्काउट हें विस्तीर्ण पठार दिसतें. तें एकेकाळीं जमीनदारांच्या शिकारीसाठीं राखून ठेविलें होतें. सामान्य माणसास तेथें मज्जाव होता. १९३२ च्या २४ एप्रिलला, रविवारीं, बेनी रॉथमन या तरुणाच्या पुढाकारानें मँचेस्टरकडील शेंकडों कामकरी तरुण त्या पठारावर चालून गेले. राखणदारांशीं झटापट झाली व पांच जणांना तुरुंगवास घडला. पुढें १९४९ सालीं राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, त्यामागें फिरण्याच्या हक्काची ही चळवळ होती. तेव्हां ज्या पायवाटेवरून मी निर्धास्तपणें चाललों, ती कोणीतरी मिळवून दिलेली होती.

श्रोतेहो, कोणाला तिकडे जाण्याचा योग आलाच, तर दोन दिवस तरी हातीं ठेवावे. जाड तळाचे जोडे व पावसाचा कोट जवळ असावा. कुरणाचें फाटक उघडलें तर आपल्यामागें लावून घ्यावें. आंत मेंढ्या असतात. दगड फोडूं नये, आणि पडक्या भिंतीवर आपलें नांव तर मुळींच कोरूं नये.

मीं तेथून फक्त पीक कॅव्हर्नचें एक चित्र-पत्र आणलें. त्या विद्यार्थ्याचा पत्ता मोठ्या प्रयासानें मिळविला. आतां त्याचींहि मुलें मोठीं झालीं आहेत. पत्रावर मीं एवढेंच लिहिलें : "तुझ्या प्रश्नाचें उत्तर आतां 'होय' असें आहे. आकृतींत एक चूल काढावयाची राहिली होती."