दहा सेकंदांचीही गोष्ट होते

आपल्या जुन्या घरांतून गाण्याला दाद कशी द्यावी हे कोणाला शिकवावे लागत नाही. समेवर मान हलते, जागा साधली की "वाहवा" आपसूक येते, आणि सूर ढळला तर कोपऱ्यातले आजोबा काही न बोलता पानाचा डबा उघडतात. गाणाऱ्याला तेवढे पुरते. परंतु आता याच घरांतली मुले संगणकावर चित्रे हलवू लागली आहेत. नात येऊन म्हणते, "आजोबा, मी केलेला चेंडू बघा ना," आणि पडद्यावर एक करडा चेंडू तीन उड्या मारून स्थिर होतो. येथे दाद द्यावी तरी कशाला? बहुतेक घरांत दोनच उत्तरे ठरलेली असतात. एक, "छान आहे हो!" आणि दुसरे, "यात पुढे पोटापाण्याचे काय?" पहिल्याने मूल खूश होते, दुसऱ्याने खट्टू होते; शिकत मात्र ते दोहोंपासून काहीच नाही.

वास्तविक या कलेत पाहणाऱ्याच्या शब्दाची गरज इतर कलांहून अधिक. चित्रपटाच्या एका सेकंदात २४ चित्रे असतात. नवशिक्या त्या तीन-चार सेकंदांपुढे संध्याकाळच्या संध्याकाळ बसतो आणि तोच तुकडा शेकडो वेळा पाहतो. मग त्याची नजर मरते. चेंडू खरोखर पडतो आहे की नुसता खाली सरकतो आहे, हे त्याला स्वतःला दिसेनासे होते. ते दिसते पहिल्यांदा पाहणाऱ्याला.

या बाबतीत जॉन लॅसेटर या अमेरिकन चित्रकाराचा अनुभव ध्यानात ठेवण्याजोगा आहे. हाताने काढलेल्या चित्रपटांची विद्या शिकून, डिस्नेच्या संस्थेत काही काळ उमेदवारी करून तो संगणकशास्त्रज्ञांच्या एका चमूत दाखल झाला. पेन्सिलीत तरबेज, पण संगणकात नवखा. १९८४ साली त्या चमूचा 'द ॲडव्हेंचर्स ऑफ आंद्रे अँड वॉली बी.' हा दोन मिनिटांहूनही छोटा चित्रपट मिनियापोलिस येथे 'सिग्राफ' या संगणक-चित्रकारांच्या परिषदेत दाखवायचा होता. तो वेळेत पुरा झाला नाही. काही भाग रंगरूपाशिवाय, रेषांच्या नुसत्या सांगाड्यातच दाखवावा लागला. करणाऱ्यांना केवढी शरम वाटली असेल! पण पुढे कळले ते निराळेच: गोष्टीत रमलेल्या पुष्कळ प्रेक्षकांच्या ते ध्यानातही आले नव्हते.

पुढे १९८६ साली 'पिक्सार' ही कंपनी निघाली. हात बसावा म्हणून लॅसेटरने आपल्या टेबलावरचा वाकत्या मानेचा दिवा संगणकात उभा केला आणि त्याला हलवून पाहू लागला. एका सहकाऱ्याचे तान्हे मूल पाहून त्याला छोट्या दिव्याची कल्पना सुचली. तान्ह्या मुलाचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते. तेव्हा बाळ-दिवा म्हणजे मोठ्या दिव्याची लहान नक्कल नव्हे, त्याची प्रमाणेच वेगळी हवीत, हे त्याने हेरले. हे कच्चे तुकडे त्याने ब्रसेल्सच्या एका महोत्सवात राऊल सेर्व्हे या बेल्जियन चित्रपटकाराला दाखवले. सेर्व्हेने यंत्राची चौकशी केली नाही. चित्रपट कितीही छोटा असो, त्याला आरंभ, मध्य आणि शेवट हवा, असे त्याचे म्हणणे पडले. एवढ्याशा तुकड्यात गोष्ट कशी मावणार, अशी लॅसेटरची तक्रार. त्यावर उत्तर मिळाले की गोष्ट दहा सेकंदांतही सांगता येते. त्या एका सूचनेने हातसरावाचा 'लक्सो ज्युनियर' झाला. बाळ-दिवा चेंडूशी खेळतो, उड्या मारून तो फोडतो, ओशाळतो, आणि लगेच त्याहून मोठा चेंडू घेऊन येतो. सारे मिळून दोन मिनिटे.

हा चित्रपट त्याच वर्षी डल्लासच्या सिग्राफ परिषदेत दाखवला गेला. तो संपताच जिम ब्लिन हा नामांकित संगणकशास्त्रज्ञ लॅसेटरकडे आला. आता हा सावल्यांच्या गणिताविषयी विचारणार, म्हणून लॅसेटर मनातून धास्तावला. ब्लिनने विचारले ते एवढेच, की तो मोठा दिवा आई होता की बाप? लॅसेटरने पुढे अनेकदा सांगितले आहे की आपले साधले, हे त्याला त्या प्रश्नाने कळले. लोखंडी दांड्यांच्या दिव्याला माणूस नाते विचारू लागला, याहून मोठी दाद कोणती?

आपल्या वडोदऱ्याला हा धडा अगदीच परका नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेल्या कलाभवनात धुंडिराज गोविंद फाळके शिकले. दादासाहेबांनी १९१२ साली पहिला मोठा चित्रपट काढण्याआधी कुंडीत वाटाणा पेरून, एकेक चित्र टिपत त्याचा वेल चढताना दाखवला. 'अंकुराची वाढ' तो हाच. एकेक चित्र घेऊन गती उभी करायची, हे संगणकावरील चित्राचेही मर्म आहे. तो छोटा तुकडा त्यांनी दाखवला, तेव्हा कर्ज देणारा पुढे आला, आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. घरात सरस्वतीबाईंनी फिल्मला भोके पाडण्याचे काम शिकून घेतले होते. वाटाण्याच्या वेलाला कोणी नुसते "छान" म्हणून सोडून दिले असते तर?

तेव्हा पाहायचे कसे? प्रथम मध्ये न थांबवता दोनदा पाहावे. मग काय करावे हे न सांगता, काय दिसले तेवढे सांगावे. चेंडू रबरी वाटला की लोखंडी? वर गेल्यावर क्षणभर रेंगाळला का? जमिनीकडे येताना वेग वाढला का? प्रत्येक उडी आधीच्या उडीहून ठेंगणी होती का? संगणकाला चेंडूच्या दोनच जागा सांगितल्या तर मधली चित्रे तो आपल्या हिशेबाने भरतो, आणि चेंडू जमिनीपाशीही फुग्यासारखा मंदावतो. "आम्हाला त्यातले काय कळते" ही सबब येथे चालत नाही. ज्याने जन्मभर गल्लीत चेंडू पाहिले, त्याचे डोळे या बाबतीत तज्ज्ञच आहेत.

मुलांनीही दोन पथ्ये पाळावीत. काम कच्चे असतानाच दाखवावे. रंग, उजेड, सावल्या चढवल्यावर चूक सापडली तर ती सुधारायला जीव होत नाही. आणि "कसे झाले?" असे विचारू नये, त्याला "छान" हेच उत्तर येते. "चेंडू जड वाटला की हलका?" असे विचारावे. उत्तर मनाविरुद्ध आले तर वाद घालू नये. पाहणाऱ्याला जे दिसले नाही, ते पडद्यावर आलेलेच नसते.

मैफलीत गाणे शिकणाऱ्याला आपण वर्षानुवर्षे सांभाळून घेत आलो. त्या कानांइतकेच जाणते डोळे आता या नव्या विद्येला हवे आहेत. तिची शाळा कोठेही असो, तिचा पहिला प्रेक्षक घरातच बसलेला असतो. त्याने एक खरा प्रश्न विचारला तरी पुष्कळ झाले.