बेचाळीस की अठ्ठेचाळीस? सिकलसेलच्या मृत्यूंचा हिशेब

आज विषय जरा वेगळा घेतोय. मी डॉक्टर आहे तो पीएचडीचा, त्यामुळे औषधांबद्दल मला विचारू नका. पण आकड्यावरून निष्कर्ष कसा काढावा, हा तर्कशास्त्राचा प्रश्न आहे. तिथं मला थोडं बोलता येतं.

चंद्रपूरकडची माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे, वय २६. तिला सिकलसेल आहे. मध्यंतरी ती दोन कागद घेऊन घरी आली. एकावर होतं : या आजारात मृत्यूचं मध्यक वय पुरुषांचं ४२, स्त्रियांचं ४८. दुसऱ्यावर : पुरुष ३८, स्त्रिया ४२. पहिला अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झालेला, दुसऱ्यातला आकडा २००५ सालच्या मृत्यूंचा. दोन्ही अमेरिकेतले. "सर, म्हणजे बायकांची सहा वर्षं कमी झाली? मग माझ्याकडे सोळाच उरली?"

आता बघा, पहिल्या अभ्यासात ३,७६४ रुग्णांची नावं नोंदवून त्यांच्यावर काही वर्षं लक्ष ठेवलं होतं. जे गेले ते आणि जे जगत होते ते, दोघंही हिशेबात होते. दुसऱ्यात फक्त मृत्यूचे दाखले मोजले. जिवंत माणसाचा दाखला कुठून येणार? तो गणितातच नाही.

समजा, शहराबाहेर एक नवी वसाहत आहे, सगळी तरुण जोडपी. तिथं गेल्या पाच वर्षांत जे वारले त्यांचं वय काढलं तर चाळिशीच्या आत येईल. आमच्या जुन्या गल्लीत ते ऐंशीच्या पुढे जाईल. म्हणून काय नव्या वसाहतीतली हवा विषारी ठरते? तिथं म्हातारं कुणी नाहीच, एवढाच त्याचा अर्थ.

सिकलसेलचंही काहीसं असंच आहे. पूर्वी पुष्कळ मुलं जंतुसंसर्गानं लहानपणीच दगावत. १९८६ साली सिद्ध झालं की लहान मुलांना रोज पेनिसिलिन दिलं तर हे संसर्ग कितीतरी कमी होतात. त्या दाखल्यांच्या अभ्यासातच दिसतं की १९७९ ते २००५ या काळात मुलांचा मृत्युदर दरवर्षी ३ टक्क्यांनी उतरला, प्रौढांचा मात्र १ टक्क्यानं चढला. वाचलेली मुलं मोठी झाली आणि मोठ्यांच्या दवाखान्यात त्यांना तशी काळजी मिळाली नाही, असं मला वाटतं. प्रौढांची ही वाढ खरी आहे, ती मी झाकत नाही. पण "सहा वर्षं कमी झाली" हे वाक्य या दोन कागदांतून निघत नाही.

राहिला स्त्री-पुरुष फरक. हिमोफिलियाचा दोष एक्स गुणसूत्रावर असतो, म्हणून तो मुख्यतः मुलग्यांना होतो. सिकलसेलचा दोष अकराव्या गुणसूत्रावर, त्यामुळे मुलगा-मुलगी दोघांनाही सारखाच. तरी दोन्ही कागदांत पुरुष आधी जातात. एक कारण सांगतात ते असं, की गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन स्त्रियांत सरासरीनं थोडं जास्त टिकतं, आणि ते पेशींना विळ्यासारखं वाकू देत नाही. असेल. पण अमेरिकेत एरवीही पुरुष बायकांपेक्षा पाचेक वर्षं कमी जगतात. मग चार-सहा वर्षांचा हा फरक सगळा आजाराच्याच खात्यावर कसा टाकायचा?

तिला मी म्हटलं, "अगं, ४२ हे एका परक्या देशात एका वर्षी गेलेल्या बायकांचं वय आहे. तू जिवंत आहेस, आणि आपल्याकडच्या प्रकारात ते गर्भातलं हिमोग्लोबिन बऱ्याचदा जास्त असतं." यावर ती हसली नाही. चहा तसाच ठेवून म्हणाली, "घरचे लग्नाचं बघतायत सर. मुलाकडच्यांना रक्त तपासायला सांगू का?"

हा प्रश्न त्या दोन्ही कागदांवर नव्हता. तो वाहक निघाला तर प्रत्येक खेपेला मूल आजारी असण्याची शक्यता निम्मी. आणि तिच्या स्वतःच्या बाळंतपणात धोका नेहमीपेक्षा बराच जास्त. "सांग," म्हटलं, "आणि सुपारी फुटायच्या आधी सांग."