बीएमआय 'नॉर्मल' आला? थांबा जरा!

कॉलेजच्या हेल्थ कॅम्पमध्ये माझी उंची भरली १६५ सेंटिमीटर आणि वजन ६५ किलो. लगेच मोबाइलवर बीएमआय काढला. २३.९. खाली हिरव्या अक्षरांत 'नॉर्मल'. त्या आनंदात कट्ट्यावर दोन वडापाव झाले. दुसऱ्या दिवशी कॅम्पचा रिपोर्ट हातात आला. आकडा तोच, पण पुढे लिहिलेलं 'ओव्हरवेट'! दोन वडापावांनी एवढं?

हिशेब दोन्हीकडे बरोबर होता. वजनाला (किलोत) उंचीच्या (मीटरमध्ये) वर्गाने भागायचं, बस. १.६५ गुणिले १.६५ म्हणजे २.७२, आणि ६५ भागिले २.७२ म्हणजे २३.९. फक्त पाच फूट पाच इंच म्हणजे ५.५ फूट नव्हे, इथे बरेच जण गंडतात. एकूण इंचांना २.५४ ने गुणलं की सेंटिमीटर मिळतात.

फरक आहे तो पट्टीत. जागतिक पट्टीवर १८.५ ते २४.९ नॉर्मल. भारतीयांसाठी मात्र २३ पासूनच ओव्हरवेट आणि २५ पासून लठ्ठपणा. कारण आपल्याकडे कमी वजनातही चरबी जास्त असते, तीही पोटाभोवती, आणि डायबेटिसचा धोका लवकर सुरू होतो.

याचं भारी उदाहरण पुण्यातलंच आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के! दिसायला दोघंही सडपातळच.

उलटंही होतं. जिममध्ये घाम गाळणाऱ्याचा बीएमआय स्नायूंमुळे वाढतो, कारण काट्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही. त्याला उगाच 'जाड्या' ठरवू नका. गरोदरपणात हा आकडा चालत नाही, आणि अठराच्या आतल्यांसाठी वयानुसार वेगळे तक्ते असतात.

म्हणून सोबत कंबरही मोजायची. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची. पुरुषांसाठी मर्यादा ९० सेंटिमीटर, स्त्रियांसाठी ८०.

मी आईची शिवणकामाची टेप घेतली. ८४ आले. आई म्हणाली, ''आता श्वास सोड.'' ८८.