वेस्टा लघुग्रह: पाहावा कसा, समजावा कसा

मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांमध्ये लाखो लघुग्रह सूर्याभोवती फिरतात. त्यांपैकी वेस्टा पृथ्वीवरून सर्वांत तेजस्वी दिसतो. जर्मनीतील ओल्बर्स यांनी तो २९ मार्च १८०७ रोजी शोधला. व्यास सुमारे ५२५ किलोमीटर, पण आपल्याला तो ताऱ्यासारखा ठिपकाच दिसतो. मग ताऱ्यांच्या गर्दीत तो ओळखायचा कसा? तर तो जागा बदलतो यावरून.

साधारण दर साडेसोळा महिन्यांनी सूर्य आणि वेस्टा यांच्या मध्ये पृथ्वी येते. याला प्रतियुती म्हणतात. तेव्हा वेस्टा रात्रभर आकाशात असतो. इंदूरच्या दिव्यांपासून थोडे दूर गेलात तर साधी बायनॉक्युलर पुरते. त्याची जागा स्टेलॅरियम या मोफत अ‍ॅपवर पाहून घ्यावी. वहीत एक वर्तुळ काढून दिसतील ते तारे टिंबांनी मांडावेत, खाली तारीख व वेळ लिहावी. तीन-चार रात्रींनी पुन्हा तसेच चित्र काढून दोन्ही ताडून पाहावीत. जे टिंब सरकले, तो वेस्टा. प्रतियुतीच्या सुमारास तो दिवसाला चंद्रबिंबाच्या साधारण निम्म्या रुंदीइतका सरकतो.

गंमत म्हणजे या काळात तो पश्चिमेकडे, म्हणजे उलटा सरकताना दिसतो. पंचांगात यालाच ग्रह 'वक्री' झाला म्हणतात आणि घरोघरी काळजी सुरू होते. प्रत्यक्षात वेस्टा मागे फिरलेला नसतो. आतल्या कक्षेतली आपली पृथ्वी अधिक वेगाने त्याला मागे टाकत असते. धावत्या रेल्वेतून शेजारच्या रुळावरची हळू गाडी मागे जाताना दिसते, तसेच हे. मंगळ, गुरू आणि शनी वक्री होण्याचे कारणही हेच.

त्याच्या कक्षेचा हिशेब केप्लरच्या नियमाने घरीच करता येतो. पृथ्वी-सूर्य अंतर १ धरले, तर वेस्टाचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर २.३६. त्याचा घन करा: सुमारे १३.१४. आता वर्गमूळ काढा: सुमारे ३.६३. वेस्टाला सूर्याभोवती एक फेरी मारायला तेवढीच वर्षे लागतात.

नातवंडांना हाताशी घेऊन ही वही जरूर करावी. वक्री ग्रहाची भीती घालवायला समजुतीच्या चार शब्दांपेक्षा स्वतः काढलेली दोन चित्रे जास्त उपयोगी पडतात.