ताडकळसची विहीर आणि कोकणकडा

ताडकळसहून शाळेची सहल हरिश्चंद्रगडावर न्यायची असेल, तर आधी मुलांना गावातली एखादी जुनी विहीर कठड्याबाहेरून दाखवावी. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग कठीण काळा खडक. हा खडक बेसाल्ट. गडाचा कोकणकडाही बेसाल्टचाच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून दख्खनचे पठार घडले. मग त्याच खडकाची इथे सपाट शेते आणि तिथे शेकडो मीटर उंचीचा कडा, असे का?

लाव्हाच्या थराचा आतला भाग सावकाश थंड होतो आणि घट्ट बनतो. थंड होताना तो आकसतो, त्यामुळे त्यात उभ्या भेगा पडतात. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकतात. तो सच्छिद्र राहतो. पुढे या पोकळ्यांत पांढरी खनिजे भरतात. (सहलीत मुलांच्या खिशात जाणारे खडे ते हेच. गड अभयारण्यात आहे, खडे उचलू नयेत हे निघतानाच सांगावे.) सच्छिद्र भाग लवकर झिजतो, तिथे पायरी पडते, गवत उगवते. घट्ट भाग भेगेच्या रेषेत तुटतो, म्हणून तुटूनही उभाच राहतो. दख्खनच्या या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात, तेही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून.

कड्यावरून सुटलेला दगड दरीत जातो आणि नवा खडक उघडा पडतो. ताडकळसच्या सपाटीवर झिजलेला भुगा बराचसा जागीच राहतो. त्यात पाणी मुरते आणि दीर्घ काळाने त्याची चिकण काळी माती होते.

प्रस्तरारोहक भेगांचाच आधार घेतात, पण भार टाकण्यापूर्वी दगड ठोकून पाहतात. पोकळ आवाज आला की तो सुटा समजायचा. गवताखालचा दगड तर अधिकच फसवा.

आपल्यासाठी महत्त्वाचे वेगळेच आहे. कोकणकडा नुसता उभा नाही, तो पोटात आत वळलेला आहे. काठावर उभे राहणाऱ्याच्या पायाखालचा खडक खालून अधांतरी असू शकतो. काठाला समांतर भेग दिसली, तर तिच्या बऱ्याच अलीकडे थांबावे. पावसाळ्यात भेगांत पाणी शिरते तेव्हा तर नक्कीच. पालथे झोपून खाली डोकावण्याची पद्धत आहे, पण माझ्या मते शाळेच्या सहलीत तेही नको. कड्याचा आकार चंद्रकोरीसारखा असल्याने काठापासून दूर, एका टोकाकडून दुसऱ्या बाजूचे थर नीट मोजता येतात. जवळून पाहायचे तर पाचनईची वाट आहे. तिथे काही अंतर कातळाच्या कुशीतून चालावे लागते. कोरड्या हवेत गेल्यास बुडबुड्यांच्या पोकळ्या साध्या भिंगानेही दिसतात.